अमेरिकेची रुथबाई, रशियाची वेराबाई

दिवाळी अंकवाले घरी आले तेव्हा विषय सोबतच घेऊन आले होते. वाघ. जन्मभर ताडोब्याला पाहुणे नेले, तेव्हा तुमच्याकडं वाघांच्या गोष्टी पोत्यानं असतील, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, साहेब, मी वाघाचा माणूस नाही, गाडीचा माणूस आहे. त्यांना वाटलं मी विनयानं बोलतोय. पण खरंच तसं आहे. जंगलात आमची गाडी जात नाही. नागपूरच्या विमानतळावरून पाहुणे घ्यायचे, मोहर्लीला आणून सोडायचे. गेटमधून पुढं उघडी जिप्सी, तिचा ड्रायव्हर निराळा, गाइड निराळा. पाहुणे आत वाघ शोधत असतात तेव्हा आम्ही टुरिस्ट गाडीवाले बाहेर झाडाखाली चहा पीत बसलेलो असतो. माझं निम्मं आयुष्य त्या झाडाखाली गेलं.

जिप्सी परत आली की माणसं उतरायच्या आधी चेहऱ्यावरून कळतं. वाघ दिसला असेल तर सगळे एकदम बोलत असतात. नसेल दिसला तर कुणीतरी एक जण बायकोवर चिडलेला असतो. नागपूरचे एक साहेब माझ्या गाडीत बसता बसता म्हणाले होते, "तुमच्या जिल्ह्यात वाघ-बिघ काही नाही, नुसती जाहिरात आहे." त्याच हप्त्यात आमच्या ओळखीतली एक बाई सरपणाला गेली होती, तिला वाघानं नेलं होतं. ज्याला पाहायचा त्याला दिसत नाही, आणि जिला नको तिच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. साहेबांना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांना विमानाच्या वेळेत पोचवणं माझं काम, ते मी केलं.

एकदा नवं लग्न झालेलं एक जोडपं वरोऱ्याजवळ भांडलं आणि दोघं दोन बसगाड्यांनी निघून गेली. त्यांच्या बॅगा घेऊन मी रस्त्यावर उभा. तेव्हापासून नियमच केला. पाहुण्यांच्या भांडणात ड्रायव्हरनं पडायचं नाही. आतला आरसा थोडा वर करायचा आणि रस्ता बघायचा.

हा नियम एकदाच मोडायची वेळ आली. ज्यांच्यासाठी आली त्या दोन म्हाताऱ्या बायांबद्दल लिहितो. त्या आपसात इंग्रजीत बोलत. माझं इंग्रजी पाहुण्यांकडून शिकलेलं, मोडकंतोडकं. मला जे समजलं ते माझ्या भाषेत लिहितोय.

रशिया आणि युक्रेनची लढाई सुरू झाली, त्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट. बुकिंग दोन बायांचं होतं. एक अमेरिकेहून येणार, दुसरी रशियातून. मी नागपूरला दोन नावांची पाटी घेऊन उभा राहिलो. वेराबाई आधी आल्या. उंच, ताठ, पांढरे केस घट्ट बांधलेले. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या बाई आहेत हे बोलण्याआधीच कळत होतं. त्यांनी माझ्या पाटीवरची स्पेलिंगची चूक आधी दाखवली, मग नमस्कार केला. दुपारच्या विमानानं रुथबाई आल्या. ठेंगण्या, गुटगुटीत, डोक्यावर शेतकऱ्यासारखी टोपी. वेराबाईंना बघितल्याबरोबर त्यांनी सामानाची गाडी तशीच सोडून दिली. ती गडगडत एका पोलिसाच्या पायावर गेली. मी ती धरायला धावलो. मागं वळून बघतो तर दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि रडता रडता हसत होत्या.

चंद्रपूरपर्यंत येताना त्यांची सगळी कथा मला कळली, कारण रुथबाईंना गप्प बसवत नव्हतं. त्यांनी उभं आयुष्य खेड्यातल्या शाळेची बस चालवली होती. सोबत थोडी शेती, थोडी गुरं. त्या तरुण होत्या तेव्हा दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या गावांवर अणुबॉम्ब रोखून धरले होते. त्यांच्या चर्चमधल्या काही लोकांनी ठरवलं, सरकारं बोलत नाहीत तर आपण जाऊन बोलू. पुढारी नाही, साहेब नाही. एक न्हावी, एक नर्स, दोनचार शेतकरी आणि ही बसवाली. ते रशियातल्या एका गावाला जाऊन लोकांच्या घरी राहिले. त्या गावात इंग्रजी येणारी एकच, वेराबाई.

"मी हिला पहिल्यांदा भेटले तेव्हा मला वाटलं ही गुप्तहेर आहे," रुथबाई म्हणाल्या.

"मलाही हिच्याबद्दल तेच सांगितलं होतं," वेराबाई म्हणाल्या. "मग हिनं आमच्या बादलीत पाय अडकवून घेतला. मला वाटलं, एवढा वेंधळा हेर कोण पाठवेल?"

तेव्हापासून दोन्ही गावांची ये-जा सुरू राहिली. लग्नांना गेले, मातीला गेले. आता लढाई लागली आणि दोन्हीकडच्या लोकांनी ही ये-जा बंद करून टाकली. रुथबाईंच्या गावात लोक त्यांना म्हणू लागले, अजून त्या लोकांशी कसली मैत्री? वेराबाईंना शाळेत बोलावून विचारलं, परदेशात फोन कशाला करता? ही तिकडं जाऊ शकेना, ती इकडं येऊ शकेना. दोघींना व्हिसा देईल असा देश बघता बघता नाव निघालं आपलं. आणि आपल्यातही चंद्रपूर का, तर वेराबाईंचे वारलेले यजमान तिकडं वनखात्यात होते. बर्फातल्या पाइनमध्ये जन्म गेला, पण त्यांनी आलापल्लीच्या सागवानाबद्दल कुठंतरी वाचलं होतं आणि एकदा बघायचं म्हणत म्हणत ते गेले. म्हणून रुथबाईंसाठी वाघ आणि वेराबाईंसाठी सागवान.

त्या खेपेला वाघ काही दिसला नाही. रुथबाई एवढंच म्हणाल्या की जिप्सीवाला क्लच फार दाबून ठेवतो. माझ्या गाडी चालवण्यावरही त्यांचं बारीक लक्ष असे. एखादा गिअर बिनआवाज पडला की मागून "गुड" असा आवाज येई. इतक्या वर्षांत पाहुण्यांनी जंगलाचं, जेवणाचं, हवेचं कौतुक केलं. गिअरचं कौतुक करणाऱ्या त्या एकट्याच.

आलापल्लीच्या रस्त्यावर पोलिसांच्या नाक्यावर गाडी थांबवली. गडचिरोलीत हे नेहमीचं. हवालदारानं पासपोर्ट बघितले, पुन्हा बघितले आणि मला बाजूला घेतलं.

"काऊन भाऊ, अमेरिका अन् रशिया एकाच गाडीत बसवून कुठी चालला?"

"सागवान दाखवाले."

"भांडून नाई राह्यल्या?"

"आतापावतो तर नाई. खिडकी उघडी ठेवा का बंद, एवढंच."

तो हसला आणि सोडलं.

राखून ठेवलेल्या जुन्या सागवानात गेलो. तिथले बुंधे दोघांच्या कवेत मावत नाहीत. वेराबाई एका बुंध्याला हात लावून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या. रुथबाई तोवर दूर जाऊन पाठ करून उभ्या होत्या. जिला सारखं बोलायला लागतं ती बाई तिथं एक शब्द बोलली नाही. मैत्री म्हणजे काय ते मला त्या पाठीकडं बघून समजलं.

वेराबाईंचा एक नातू होता, मित्या. त्यांची मुलगी लवकर वारली, त्यामुळं पोराला यांनीच वाढवलं. वीस-बावीस वर्षांचा, ट्रक दुरुस्तीचं काम करायचा. तो रोज आजीला फोन करी, चेहरा दिसणारा. एकदा गेटजवळ त्याचा फोन आला आणि त्याला मागं माझी गाडी दिसली. झालं. आजीला म्हणाला, ड्रायव्हरला सांग, बॉनेट उघड. मी उघडलं. आजी फोन धरून उभी, पोरगा तिकडून विचारतोय, आजी इंग्रजीत सांगतेय, मी हातानं दाखवतोय. ऑइल किती दिवसांनी बदलतो, डिझेल कसं आहे, उन्हाळ्यात इंजिन तापतं का. त्याच्या पुढच्या दातात फट होती आणि हसला की ती दिसायची. शेवटी म्हणाला, आजीला घेऊन पुढच्या वेळी मीच येतो, तू मागं बस, मी चालवतो. मी म्हटलं, ये बाबा, पण इथली गुरं हॉर्न ऐकत नाहीत.

तो बोलत होता तेव्हा रुथबाई आमच्याजवळ नव्हत्या. त्या चहाच्या टपरीवर जाऊन बसल्या होत्या. त्या वेळी मला त्यात काही वाटलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात दोघी पुन्हा आल्या. या वेळी वेराबाई विमानतळावरच थकलेल्या दिसल्या. गाडीत बसल्यावर मी सहज विचारलं, "मित्या?" त्या म्हणाल्या, "लष्करात नेलं त्याला. ट्रक चालवतो आहे. फोन क्वचित येतो."

आमच्या त्या हमरस्त्यावर तोफगोळ्यांचा एक कारखाना लागतो. माझा धाकटा भाऊ गजानन तिथं नोकरीला. आईची आयुर्वेदिक औषधं मी नागपूरहून आणत असे आणि जाता जाता त्याला देत असे, कारण आई त्याच्याकडं राहायची. त्या दिवशी तसंच फाट्यावर थांबलो. गजानन सायकल घेऊन उभा होता, ड्युटी संपवून आलेला. मी औषधाची पिशवी दिली. परदेशी पाहुणे बघून त्यानं खिडकीत वाकून नमस्कार केला. रुथबाईंनी विचारलं, काय काम करता? गजानन शाळेतलं सगळं इंग्रजी गोळा करून म्हणाला, "शेल, मॅडम. बिग गन शेल." आणि दोन्ही हात फाकवून लांबी दाखवली. त्याच्या नोकरीचा त्याला अभिमान होता आणि का नसावा? त्याच नोकरीवर दोन पोरी शिकल्या.

गाडी पुढं निघाली. थोड्या वेळानं रुथबाई म्हणाल्या, "मनोहर, गाडी थांबव."

मला वाटलं मळमळतंय. एका धाब्यासमोर गाडी घेतली. रुथबाई उतरल्या नाहीत. समोरच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून त्या म्हणाल्या, "वेरा, माझा टॉमही हेच करतो."

टॉम त्यांचा मुलगा. त्यांच्या गावाजवळचा बंद पडत आलेला कारखाना लढाई सुरू झाल्यावर तीन पाळ्यांत चालू लागला होता. टॉम कित्येक महिने घरी बसून होता, लेकरंबाळं होती, त्याला तिथं काम मिळालं. तिथले गोळे युक्रेनला जात होते. म्हणजे मित्या होता तिकडं.

वेराबाईंनी विचारलं, "कधीपासून?"

"गेल्या वर्षी इथं यायच्या आधीपासून."

"म्हणजे गेल्या वर्षी मित्या फोनवर हसत होता तेव्हा तुला माहीत होतं."

"होय. म्हणूनच मी तिथून उठून गेले."

वेराबाई दार उघडून उतरल्या आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. कोळशाचे ट्रक अंगावरून जावेत तसे शेजारून जात होते. मी गाडी तशीच सोडून त्यांच्या मागं गेलो. त्या म्हणाल्या, "मला नागपूरला परत ने." मी म्हटलं, बाई, तुमचं विमान पुढच्या हप्त्यात आहे, नागपूरला एकट्या कुठं राहाल? त्या थांबल्या. मोहर्लीला दोघींची एकच खोली होती. तिथं नेऊन सोडणं मला बरं वाटेना. त्या दिवशी मी पाहुण्यांना हॉटेलात न नेता सरळ चंद्रपूरला माझ्या घरी नेलं.

माझी बायको कुसुम हिला इंग्रजी येत नाही. तिनं दोघींची तोंडं बघितली आणि मला काही न विचारता रुथबाईंना पुढच्या खोलीत बसवलं, वेराबाईंना आत पलंगावर निजवलं. भात टाकला. मग स्वयंपाकघरात मला विचारलं, "का झालं?"

मी सांगितलं. ती बराच वेळ वरण ढवळत राहिली.

"त्या जाड्या बाईच्या पोराले काम पाह्यजे होतं. या बाईच्या पोराले धरून नेलं. या दोघींनं का करा?"

"तेच तर."

"पर तिच्या जागी मी असती ना," कुसुम आतल्या खोलीकडं बघून म्हणाली, "मीबी नसती बोलली तिच्याशी. खरं सांगतो."

जेवायला दोघी पाटाला पाट लावून बसल्या, कारण घर लहान. वेराबाईंना भाकर मोडता येत नव्हती. रुथबाईंचा हात पुढं गेला आणि अर्ध्यातून मागं आला. कुसुमनं भाकर कुस्करून दिली.

मोहर्लीला मी दुसरी खोली मागून घेतली. दोघी सफारीला मात्र एकाच जिप्सीतून गेल्या, कारण परवाने तसे निघालेले. एका सकाळी जिप्सी बाहेर आली तेव्हा कुणीच बोलत नव्हतं, म्हणून मी समजलो वाघ दिसला नाही. गाइड पोरगी खाली उतरून माझ्याकडं आली.

"भाऊ, वाघीण अन् तिचे बच्चे रस्त्यावर येऊन बसले होते. असं वर्षातून एखाद्याले दिसते. अन् ह्या दोघी! एक इकडं पाहे, एक तिकडं पाहे. भांडण झालं का?"

"नाई," मी म्हटलं. "भांडण असतं तर मिटलं असतं."

ठरल्याप्रमाणं आलापल्लीला निघालो. मूल गेलं, गडचिरोली गेलं. धानाची कापणी उरकलेली, बांध्या मोकळ्या. मी आरसा वर केलेला होता. अचानक वेराबाईंचा आवाज आला. शाळेत प्रश्न विचारतात तसा.

"टॉम तिथं नक्की काय करतो?"

"रंग देतो," रुथबाई म्हणाल्या. "गोळा तयार झाल्यावर त्याला रंग देतो."

"त्याला झोप लागते?"

"नाही. गोळी घेतो."

"तू त्याला सोड म्हणालीस?"

"म्हणाले. तो म्हणाला, मी सोडलं तर उद्या दुसरा येईल, आणि माझी पोरं उपाशी राहतील."

वेराबाई म्हणाल्या, "मित्या पण हेच म्हणाला होता. मी नाही गेलो तर शेजारच्या पोराला नेतील."

नंतर त्या बोलत राहिल्या. मोठ्यानं नाही, सलगही नाही. भांडल्याही मध्ये. एकदा वेराबाईंनी काचेवर मूठ आपटली. पण बोलत राहिल्या. सागवानात पोचलो तेव्हा दोघी एका ओंडक्यावर शेजारी बसल्या. अंतर राखून, पण शेजारी. मला वाटलं, आता सुधारेल. जुनं लाकूड आहे, सहज चिरत नाही.

आलापल्लीच्या विश्रामगृहात मोबाइलला रेंज नव्हती. परतीच्या वाटेवर आष्टीच्या अलीकडं आलो आणि वेराबाईंचा फोन एकसारखा वाजू लागला. साठलेले सगळे निरोप एकदम येऊन पडत होते. त्यांनी एक कानाला लावून ऐकला. शेजारणीचा होता, हे पुढं कळलं. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मनोहर, प्लीज." मी गाडी बाजूला घेतली.

त्या उतरल्या. रुथबाई मागोमाग उतरल्या. वेराबाईंनी एवढंच म्हटलं, "मित्या."

मग त्यांनी रुथबाईंना मारायला सुरुवात केली. दोन्ही मुठींनी, खांद्यांवर, छातीवर. मी धावलो, पण रुथबाईंनी मला हातानं थांबवलं. त्या हलल्या नाहीत, तोंडासमोर हातही धरला नाही. मारता मारता वेराबाईंच्या हातातलं बळ गेलं आणि ज्या खांद्यांवर मारत होत्या तेच त्यांनी धरले, नाहीतर पडल्या असत्या. दोघी तशाच खाली बसल्या, रस्त्याच्या मुरमावर.

शेजारच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. त्या कमरेला बांधलेल्या ओट्यातला कापूस तसाच घेऊन आल्या. एकीनं विचारलं, "का झालं भाऊ?"

"बाईचा नातू गेला. लढाईत."

"अगो माय." तिनं पाण्याची बाटली उघडून वेराबाईंच्या तोंडाला लावली. दुसरीनं पदरानं वारा घातला. बाकीच्या भोवती बसल्या. कुठल्या देशाची, कुठली लढाई, कुणी विचारलं नाही. त्यांतल्या एका म्हातारीनं रुथबाईंकडं बोट केलं.

"अन् हे कोन तिची?"

त्या दोघी आता एकमेकींच्या कोण, हे त्यांना तरी ठाऊक होतं का?

"मैत्रीण," मी म्हटलं.

"मंग बरं हाय," म्हातारी म्हणाली. "सोबत कोनी पाह्यजे."

तिथून आम्ही सरळ नागपूरला गेलो, आरमोरी, नागभीड, उमरेड करत. तो रस्ता तसाही जवळचा, पण लांबचा असता तरी मी तोच घेतला असता. गजाननच्या फाट्यावरून मला त्या दिवशी जायचं नव्हतं. रुथबाईंनी फोनवर फोन केले. त्यांना वेराबाईंबरोबर मातीला जायचं होतं. मित्याला त्यांनी लहान असल्यापासून बघितलेलं. पण तिकडचा व्हिसा मिळायला कित्येक दिवस लागणार होते, आणि मिळेलच असं नाही. शेवटी त्या दिल्लीपर्यंत सोबत गेल्या. दिल्लीहून पुढं वेराबाई एकट्या. नागपूरला विमानतळाच्या दारातून आत जाताना रुथबाईंनी मागं वळून मला हात केला. वेराबाईंनी वळून बघितलं नाही.

घरी आल्यावर मी गजाननला फोन लावला. का लावला ते माहीत नाही. त्यानं विचारलं, "औषध संपलं नाई आईचं, काऊन फोन केला?" मी म्हटलं, सहज. त्याला काही सांगितलं नाही. सांगून त्यानं काय करायचं होतं?

रुथबाईंचा अधूनमधून फोन येई. टॉमला त्यांनी सगळं सांगितलं होतं. टॉम तीन दिवस कामाला गेला नाही. चौथ्या दिवशी गेला. वेराबाई त्यांचे फोन उचलत नव्हत्या. रुथबाई तरी रोज लावत होत्या. "घंटी वाजते," त्या म्हणत. "म्हणजे तिनं नंबर बंद केलेला नाही."

तिसरा हिवाळा आला. मी गाडी विकायला काढली होती. गुडघे साथ देत नव्हते. एक दिवस बुकिंगवाल्याचा फोन आला. दोन बाया, एक अमेरिकेहून, एक रशियातून, ड्रायव्हर मनोहरच पाहिजे, असं रशियातल्या बाईंनी कळवलंय. मी गाडीचा सौदा पुढं ढकलला.

या वेळी रुथबाई आधी आल्या. वाळल्या होत्या, टोपी मोठी वाटत होती. वेराबाईंचं विमान येईपर्यंत आम्ही बाहेर उभे राहिलो. त्या मला सारखं विचारत, "ती येईल ना?" मी म्हणे, तिकीट काढलंय म्हणजे येतील. वेराबाई आल्या. काठी घेऊन. दोघींच्या मध्ये सामानाची गाडी होती आणि ती कुणीच बाजूला करेना.

वेराबाई म्हणाल्या, "मी माफ करायला आलेली नाही."

"माहीत आहे," रुथबाई म्हणाल्या.

"आमच्या शाळेत भिंतीवर त्याचा फोटो लावलाय. हार घातलाय. ज्या वर्गात मी शिकवलं तिथली लेकरं त्याला सॅल्यूट करतात. लोक येऊन मला शाबासकी देतात. तो घाबरला होता, जायच्या आदल्या दिवशी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होता, हे मी तिथं कुणालाही सांगू शकत नाही. कुणाला ऐकायचं नाही. त्याला लहानपणी बघितलेलं माणूस तिथं उरलंय, पण ते बोलायला घाबरतं. म्हणून तुझ्याकडं आले. दुसरं कुणी नाही."

मी सामान उचलून डिकीत टाकलं. दोघी मागच्या सीटवर बसल्या. बुटीबोरी गेल्यावर वेराबाई म्हणाल्या, "सांग."

"काय सांगू?"

"त्याचं. काहीही. मला माहीत नसलेलं."

रुथबाई सांगू लागल्या. मित्या सात वर्षांचा असताना आजीबरोबर त्यांच्या गावाला गेला होता. गोठ्यात नुकतंच झालेलं एक वासरू होतं. पोरगं तिथून हलेना, जेवायलाही येईना. वासराला आई दूध पिऊ देत नव्हती म्हणून ते ओरडायचं आणि हा त्याच्या कानाशी जाऊन त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणायचा, की ते गप्प. पाहुणे परत गेले. वासरू रात्रंदिवस हंबरायला लागलं. नवरा म्हणाला, विकून टाकू. शेवटी रुथबाईंनी तो शब्द आठवून आठवून पाठ केला आणि गोठ्यात जाऊन वासराच्या कानाशी बसल्या.

"कोणता शब्द?" वेराबाईंनी विचारलं.

"तिखा," रुथबाई म्हणाल्या.

मला हसू आलं, आपल्याकडं तिखा म्हणजे तिखट. पण मागं वेराबाईही हसल्या. मित्या गेल्यानंतर पहिल्यांदा त्यांचं हसू ऐकलं.

"तीखो," त्या म्हणाल्या. "तीखो. शांत हो. शेवटी ओ आहे. चुकीचा शब्द ऐकून वासरू गप्प कसं झालं?"

"झालं ना. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं."

वेराबाईंचं हसणं मध्येच तुटलं. मी आरशाला हात लावला नाही, तो आधीच वर होता. गाडी फक्त हळू केली. मागून ट्रकवाले हॉर्न मारत पुढं जात होते. बऱ्याच वेळानं मागून वेराबाईंचा आवाज आला.

"पुन्हा सांग. गोठ्यापासून."

रुथबाईंनी नाक पुसलं आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.